भाऊजी पुन्हा दुकानात जातात

जळगाव जामोद तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांच्या कंबरा आमच्या भाऊजींना तोंडपाठ आहेत. उरलेल्या निम्म्यांनी आपले कपडे बाहेरगावी शिवले किंवा तयार आणले, आणि ते लोक सुखी नाहीत, असं भाऊजींचं मत आहे. हे मत त्यांनी त्या लोकांना विचारून बनवलेलं नाही. रस्त्यानं चाललेल्या माणसाचा पाठमोरा खांदा पाहिला की त्याचं घरी कसं चाललंय हे त्यांना कळतं, निदान कळलंय असं ते सांगतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रफिकभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून काढली. गावात शाळेचे मास्तर पुष्कळ आहेत, पण त्यांना ओळख पटवायला आडनाव लावावं लागतं. नुसतं 'मास्तर' म्हटलं तर पोस्टमन पत्र घेऊन भाऊजींच्या दारात येतो.

त्यांच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नाही, आणि नाव तर मुळीच नाही. राहतं ते माप. मी कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळं गावातल्या बातम्या माझ्याकडं लवकर पोचतात. एकदा बाजारपेठेतले एक जुने व्यापारी वारल्याचं मी त्यांना सांगायला गेलो. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, मुलं काय करतात ते सांगितलं, तरी भाऊजींचा चेहरा कोराच. शेवटी त्यांनीच विचारलं, "अडतीस छाती, डावा खांदा अर्धा इंच उतरता, तेच ना?" मी म्हणालो असतील बुवा. तशी भाऊजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "भला माणूस व्हता रे," ते म्हणाले, "शर्टाले दोन खिशे कधी मांगतले नाहीत." एवढं बोलून ते तडक अंत्ययात्रेला गेले आणि तिथं खांदा देणाऱ्यांच्या उंच्या जुळत नाहीत म्हणून त्यांनी चौघांतल्या दोघांना जागा बदलायला लावली.

ताईला पाहायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. पोहे झाले, ताई चहा घेऊन आली, मध्यस्थ म्हणाले की मुलाला काही विचारायचं असेल तर विचारून घ्यावं. मुलगा तोवर मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली आणि ताईला सोडून आमच्या वडिलांना विचारलं, "मामा, हा शर्ट कोणी शिवला?" वडिलांनी मोठ्या अभिमानानं बाहेरगावच्या एका शिंप्याचं नाव घेतलं. मुलगा म्हणाला, "कॉलर चुकली हाये. तुमची मान आखूड नाही, त्यानं केली." बैठक गार पडली. आईनं आतून ताईला परत बोलावून घेतलं. लग्न मोडल्यात जमा होतं, पण वडील उठून आतल्या आरशासमोर उभे राहिले, इकडून तिकडून बराच वेळ पाहत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पोरगा खरं बोलते." ताई अजून म्हणते, "मले त्यायनं पाह्यलंच नाही. आमच्या बाबाची मान पाहून लगन केलं."

तीस वर्षं टेबलाशी उभं राहिल्यामुळं बसणं हे काम त्यांना आजारी माणसाचं वाटत आलं. चिखलीकडं उंद्रीला त्यांची आत्या असते. वर्षातून एकदा ते तिला भेटायला जातात. दोनदा बस बदलावी लागते, जवळजवळ दिवस मोडतो, आणि हा सारा प्रवास भाऊजी उभ्यानं करतात. एकदा मी बरोबर होतो. अर्धी गाडी रिकामी. मी खिडकीपाशी, आणि भाऊजी दांडी धरून माझ्या डोक्यावर. कंडक्टरला राहवेना. "मास्तर, बसा ना. लोकाईले वाटते म्याच उभं केलं." भाऊजी शांतपणे म्हणाले, "बसलो का गुडघ्यात घडी मोडते." आत्याच्या घरी पोचल्यावर तिनं बळंच खाटेवर बसवलं, तर हा माणूस पाय समोर सरळ लांब करून, टेकू दिलेल्या शिडीसारखा बसला होता.

तयार कपड्यांचा त्यांना राग नाही, कीव आहे. "तयार कपडा म्हंजे काय," ते म्हणतात, "दुसऱ्याच्या मापात आपण मावून घ्या. सासरी गेलेल्या पोरीवानी." त्यांचा पुतण्या एकदा पुण्याहून आला तो गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून. ताईनं ती धुवायला टाकली. भाऊजींनी ती दोरीवरून काढून दोन्ही गुडघ्यांना असा काही रफू केला, की फाटलं कुठं होतं ते बोटानं चाचपून शोधावं लागे. पुतण्या त्या संध्याकाळी कुणाशीच बोलला नाही. भाऊजींना वाटलं, पोरगं भारावून गेलं. आणि कात्रीबद्दल तर विचारूच नये. कापड नसताना कात्री नुसती चालवली की घरात भांडण होतं, हे त्यांनी गावातल्या इतक्या घरांत उदाहरणांसह सांगितलंय की आमच्याकडं लोक नखं कापतानाही विचार करतात. एकदा ताईनं घाईत त्यांच्या घरच्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाह्यलं? कात्रीचा अपमान केला का घरात बोलणं बंद होते." ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

अशा माणसाच्या हातातून दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, कापड कापता कापता, कात्री खाली पडली. त्यांनी उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा हात खाली जाईचना. रफिकभाईंनी त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं. अर्धांगाचा हलका झटका होता. बोलणं वाचलं, पाय वाचला, उजव्या हातातली ताकद मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, पण किती येईल ते आज सांगता येणार नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाई भेटायला आले आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आत भाऊजींनी नोकरी सोडली.

"टेबल रिकामं ठेवू नका, रफिकभाई. कोणाले तरी उभं करा."

"अरे मास्टरजी, दो-चार महिने की तो बात है."

"नाही. तीस वर्षं कोणाच्या कापडाले डाग लागू देल्ला नाही. आता माह्या हातानं कोणाचं कापड खराब झालं तर मले पाह्यवणार नाही."

रफिकभाईंनी पाणी तसंच ठेवलं. जाताना ते दारात उभे राहून बराच वेळ चपला शोधत होते, चपला समोरच होत्या.

मग भाऊजी घरी राहिले आणि ताईचे हाल सुरू झाले. हाताच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. भाऊजींनी तो एक दिवस दाबला आणि शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकला, म्हणाले, "हे खेळणं हाये." ताई हुशार. तिनं दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुढं कणकेची परात ठेवली. त्यानंतर दोन वर्षं त्या घरात कणीक ताईनं मळली नाही, आणि इतक्या मऊ पोळ्या आम्ही तिथं त्याआधी कधी खाल्ल्या नव्हत्या. डॉक्टरांनी बोटांना वळण म्हणून रोज लिहायला सांगितलं, तर भाऊजी खडू घेऊन अंगणात शर्टाचे पुढचे भाग आखायला लागले. बाह्या, कफ, कॉलर, सगळं जमिनीवर. ताईची रांगोळीची जागा गेली. समोरच्या बायका सकाळी हात जोडून जायच्या, त्यांना वाटायचं घरात कसलं तरी व्रत चाललंय. हे सगळं करूनही वेळ उरायचा, तेव्हा त्यांनी घरातल्या उश्यांची मापं घेतली आणि सगळ्या उश्या एकमेकींपेक्षा लहानमोठ्या निघाल्याचं ताईला ऐकवलं. शेजाऱ्यांच्या शेळीलाही थंडीची झूल त्यांनी बेतून दिली. डाव्या हातानं बेतली होती तरी शेळीला ती चांगली बसली. शेळी रस्त्यानं निघाली की लोक थांबून पाहत.

हसण्यावारी नेत होतो खरं आम्ही, पण काही गोष्टी मला दिसत होत्या. भाजीला जाताना ते दुकानाचा रस्ता टाळून लांबच्या गल्लीनं जायचे. कुणी विचारलं तर "सध्या आराम आहे" असं पुस्तकी मराठीत बोलायचे, आणि भाऊजी पुस्तकी बोलायला लागले की समजायचं, दुखतंय. आजारात ते बरेच वाळले होते. शर्ट खांद्यावरून ओघळायचे. हा माणूस दुसऱ्याच्या शर्टातला अर्धा इंच सहन न करणारा, पण स्वतःचा एकही शर्ट त्यानं आत घ्यायला दिला नाही. ताईनं एकदा विषय काढला तर म्हणाले, "आता मले पाहून कोण कपडे शिवायले येऊन राह्यलं?" त्या दिवशी ताई माझ्याकडं येऊन रडली.

रफिकभाईंनी टेबल रिकामं ठेवलं नाही. तिथं त्यांनी रुखसाना आपांना उभं केलं. या आपा आधी मोहल्ल्यात घरीच ब्लाउज शिवायच्या, चाळिशी ओलांडलेल्या, बोलायला कमी आणि कापड फार जपून वापरणाऱ्या. त्यांचं काम चांगलं होतं. भाऊजींनी ते रस्त्यातल्या लोकांच्या अंगावर पाहिलं होतं आणि एकदाच माझ्याजवळ कबूल केलं होतं, "बाईचा हात सरळ हाये." यंदाच्या लग्नसराईच्या तोंडावर रफिकभाई पुन्हा घरी आले. म्हणाले, "मास्टरजी, कैंची मत पकडो. फीता पकडो. माप तुम्ही घ्या, आपा कापतीन." भाऊजी नाही म्हणाले. रफिकभाई आठवड्यानं पुन्हा आले. भाऊजी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "जा हो तुम्ही," ती म्हणाली, "दोन वर्षं झाले मले अंगण सारवू देल्लं नाही या माणसानं." भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. "सोमवारी येतो," ते म्हणाले.

त्या सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरातून निघतानाच त्यांनी गळ्यात टेप अडकवली होती, जावयानं उपरणं घालावं तशी. दुकानासमोर आल्यावर मात्र ते रस्त्याच्या पलीकडं थांबले आणि कृषी केंद्रावरची बियाण्यांची पाटी वाचू लागले. ती एकदा वाचली, दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा आतून रुखसाना आपांनीच हाक मारली, "मास्तर, कपाशी पेरायची हाये का?" तेव्हा कुठं ते रस्ता ओलांडून आत गेले. आपांनी टेबलाचा उजवा कोपरा मोकळा करून ठेवला होता. "हे तुमचं," त्या म्हणाल्या. "नाही," भाऊजी म्हणाले, "टेबल आता तुमचं. मी इकडं उभा राह्यतो." आणि ते दाराजवळ, गिऱ्हाइकांच्या बाजूला, जाऊन उभे राहिले.

त्याच आठवड्यात वरवट बकालहून लग्नाचं एक मोठं गिऱ्हाईक आलं. नवरदेवाचे वडील, काका, मामा, मावसे असे अकरा पुरुष, आणि अकराही जणांना एकाच ताग्यातल्या पँटी हव्या होत्या. रफिकभाई त्या दिवशी खामगावला कापड आणायला गेले होते. भाऊजींनी मापं घेतली, आपांनी वहीत लिहिली. मी कॉलेजातून येता येता डोकावलो, तर दुकानात नुसता थाट चालला होता. भाऊजींचा उजवा हात टेपचं टोक कसाबसा धरायचा, डावा फिरायचा, पण आवाज जुनाच होता. "कंबर चौतीस! उंची एकेचाळीस! मामा, श्वास सोडा, लगन तुमचं नाही." लोक हसत होते. भाऊजींच्या कानशिलावर घाम होता आणि तोंडावर दोन वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. मी ताईला फोन करून सांगितलं, जमलं बाई.

पंधरा दिवसांनी, लग्नाला दोन दिवस राहिले असताना, अकराही जण पँटी घालून पाहायला आले. चौघांना बरोबर बसल्या. सातजणांना कंबरेला बटण लागेना. नवरदेवाचे काका पोट आत ओढून, ओठ आवळून पडद्याआडून बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, म्या पंधरा दिवसांत इतका फुगलो का हो?" बाकीचे हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी काकांच्या कंबरेभोवती टेप लावली, आकडा पाहिला, वहीतला आकडा पाहिला आणि एकेकाला पुढं बोलावलं. सातही जणांना दोन-दोन इंच कमी. अकोल्याचे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, अशा झटक्यानंतर कधीकधी लक्षात राहणं, आकडे, यांतही फरक पडतो, लक्ष ठेवा. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी विसरायचं ठरवलं होतं. भाऊजी विसरले नव्हते. त्यांनी गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली. "आपलं झालं, रफिकभाई," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. मी मागं दुकानातच थांबलो.

रफिकभाईंनी वऱ्हाडी मंडळींना चहाला धाडलं आणि वही ओढली. रुखसाना आपांचा चेहरा उतरला होता. "मास्तर बोलले चौतीस, म्या लिवलं चौतीस," त्या म्हणाल्या. "माह्या कापण्यात फरक असन तर पाहून घ्या." फरक नव्हता. वहीत जेवढं होतं तेवढंच कापलं होतं. रफिकभाईंनी काकांच्या नावावर बोट ठेवलं. "ये चौतीस? इनका?" काकांचं पोट आम्ही सगळ्यांनीच आत्ता पाहिलं होतं. मग त्यांनी बाकीच्या सहाजणांची नावं वाचली. सगळी पोटं सुटलेली माणसं होती. बरोबर बसलेले चौघे सडपातळ. रफिकभाईंनी एकदम कपाळावर हात मारला. "या अल्ला! वो दो इंच!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. दुकान कायम भरलेलं. माप मोठ्यानं सांगावं लागतं, आणि बाकावर बसलेली चार माणसं ते ऐकतात. ज्याचं पोट सुटलंय त्या माणसाची कंबर चारचौघांत पुकारायची भाऊजींना पहिल्यापासून लाज वाटायची. तेव्हा अशा माणसाचं माप ते दोन इंच कमी सांगायचे. वही रफिकभाई लिहायचे. ते मान वर करून गिऱ्हाइकाकडं बघायचे आणि पोट दिसलं की दोन वाढवून लिहायचे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि तीस वर्षांत ते दोघं या गोष्टीबद्दल एकमेकांशी एका शब्दानं बोलले नव्हते. मग आपांना कोण सांगणार? आपांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मले काय माहीत बापा, इथी मापात लोकाची शरम वजा करतात." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी जवळजवळ पळतच घरी गेलो. भाऊजी भिंतीकडं तोंड करून निजले होते. भर दुपारी त्यांना आडवं झालेलं मी आजारपणातही फार पाहिलेलं नव्हतं. ताई दारात बसून होती, परातीतली कणीक तशीच कोरडी. मी सगळं सांगितलं. भाऊजी उठून बसले.

"म्या कमी सांगत व्हतो?"

"तीस वर्षं, भाऊजी."

"काऊन खोटं बोलतं बे?"

"रफिकभाई बोलून राह्यले. वहीत हाये."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पहिल्या काही वर्षांत ठरवून करत असतील, पुढं ते जिभेवरच बसलं. "म्हंजे टेप बरोबर वाचली म्या?" "बरोबर वाचली." "आकडा ध्यानात राह्यला?" "राह्यला." "मंग डोकं चालते?" ताई मध्येच म्हणाली, "डोकं पयलेही किती चालत व्हतं, आता मले नका विचारू." भाऊजी हसले. पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "पँटी तर बसत नाहीत ना पण. लगन परवा हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही दोघं तिथं होतो. आपा कापडाला जपणाऱ्या, त्यामुळं शिवणीत वाढवायला पुरेसं कापड नव्हतं. ताग्यातलं थोडं कापड मात्र उरलं होतं. मागच्या बाजूला, कंबरेखाली, एकेक त्रिकोणी जोड घालायचा ठरला. शर्टाखाली तो दिसणार नव्हता. आपा मशीनवर बसल्या, रफिकभाई चष्मा लावून शिवणी उसवायला बसले, आणि मी उसवलेले धागे वेचायला. कापायला कोणी उरलं नाही. आपांनी आपली कात्री टेबलावरून भाऊजींकडं सरकवली. "सात तुकडे लागतीन," त्या मान वर न करता म्हणाल्या, जसं काही रोजच सांगत असाव्यात.

भाऊजी कात्रीकडं बघत राहिले. मी धागे वेचायचं थांबलो. मग त्यांनी खडूनं आखलं. आखताना हात बरा होता, अंगणात दोन वर्षं तेच केलं होतं. कात्री उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. पहिला तुकडा कापायला इतका वेळ लागला की रफिकभाईंच्या दोन पँटी उसवून झाल्या. पण तुकडा सरळ होता. दुसरा सरळ. तिसराही. चौथ्याला मधेच हात हलला आणि कड एका जागी पाव इंच आत गेली. भाऊजींना ते कळलं, मला कळलं. त्यांनी तो तुकडा तसाच आपांपुढं ठेवला. आपांनी उचलला, एकदा उलटा केला, एकदा सुलटा, आणि मशीन चालू केलं. शिवण थोडी आतून नेऊन त्यांनी वाकडी कड तिच्याखाली घेतली. एकदाही वर पाहिलं नाही. भाऊजी तोवर पाचवा आखत होते.

संध्याकाळी पाचच्या आत सातही पँटी तयार झाल्या. काका पुन्हा पडद्याआडून आले, या वेळी मोकळा श्वास घेत. "आता बसली," ते म्हणाले. भाऊजींनी माप बरोबर झाल्याचं रफिकभाईंना पुकारून सांगितलं, "कंबर चौतीस!" आपांनी त्यांच्याकडं पाहिलं, काकांच्या पोटाकडं पाहिलं आणि वहीत छत्तीस लिहिलं.

आम्ही दोघं दुकानाच्याच रस्त्यानं घरी निघालो. भाऊजी थकले होते, पाऊल जरा ओढत होतं. बाजार संपत आला होता, भाजीवाल्या पाट्या उचलत होत्या. मला भीती वाटायला लागली की हा माणूस आता पुन्हा दुकान सोडतो.

"चौथा वाकडा गेला," ते म्हणाले.

"मले नाही दिसला."

"तुले दिसला. आपाले दिसला. तिनं शिवणीत घेतला."

मी म्हटलं, "पहिलाच दिवस व्हता, भाऊजी. हात येईन हळूहळू."

"नाही येत आता," ते म्हणाले. "येणार व्हता तेवढा आला." हे त्यांनी पुस्तकी मराठीत म्हटलं नाही, साधंच म्हटलं. मग चालता चालता थांबले. "आजवर वाटे, सारं कापड माह्याच हातानं सरळ झालं पाह्यजे. आता थोडं म्या कापतो, थोडं आपा सरळ करून घेते." त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मला वाटलं ते आधार घेताहेत. पण त्यांची बोटं माझ्या शर्टाच्या शिवणीवरून फिरत होती.

"तुह्या बहिणीले सांग," ते म्हणाले, "उद्यापासून दुकानाचा डबा साडेनऊलेच भर म्हणा."